बाहीतला हिवाळा

थंडी पडली की मी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढते. रजया आणि शाली उन्हात टाकायच्या असतात. पेटीच्या अगदी तळाशी, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यात, लहान मुलाचा एक पोपटी स्वेटर आहे. त्याची एक बाही चांगली पोपटी आहे, दुसरी काकडीच्या गरासारखी फिक्की आणि थोडी आखूड. पाहणाऱ्याला वाटतं, लोकर कमी पडली असेल आणि विणणारीनं मिळेल ती जोडून वेळ मारून नेली असेल. मी तसंच वाटू देते. पण ती फिक्की बाही हाताला लागली की हातातलं काम थांबतं, दरवर्षी थांबतं. माणसाला सगळ्याची सवय होते म्हणतात. मला या एका गोष्टीची झाली नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. नागभीडला तेव्हा हिवाळा नाकाला आधी कळायचा. धान कापून झालेलं असे, गावाबाहेर पुंजणे रचलेले असत, आणि त्या रचलेल्या धानाचा, तणसाचा म्हणजे धानाच्या पेंढ्याचा वास सकाळच्या धुक्यातून थेट अंगणात येई. छोट्या रुळांची गाडी स्टेशनात शिरताना शिटी मारायची, तीसुद्धा थंडीत जरा जास्तच लांबायची. गावोगाव नाटकांचे मांडव पडायचे आणि बैलगाड्या भरभरून लोक जायचे. मी चिमूरची, लग्न होऊन या घरात नवीनच आले होते. सून माहेरून दोनच वस्तू घेऊन आली, जीभ आणि विणायच्या सुया, आणि दोन्ही सारख्याच टोकदार, असं माझ्या सासूबाई सगळ्या गल्लीला सांगायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामाजी. दोघांचाही माझ्यावर जीव होता, म्हणून तर बोलणी बसायची.

त्या वर्षी माझी नणंद कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचे यजमान भामरागडकडे शाळेत मास्तर. पावसाळाभर तिकडचे रस्ते बंद, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास वाट मोकळी झाल्यावरच ती येऊ शकली. आल्या आल्या तिनं पिशवीतून पोपटी लोकरीच्या गुंड्या काढून माझ्या पुढ्यात टाकल्या. म्हणाली, "वहिनी, माह्या लेकराचा पहिला स्वेटर तूच करजो. पण ढगळ करजो. दोन-तीन हिवाळे निघाले पाहिजे."

इथं घरात पहिलं भांडण झालं. आत्याबाई म्हणाल्या, लेकरू जन्माच्या आधी त्याचा पुरा कपडा घरात ठेवत नाहीत. मामाजींनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. शकुन-अपशकुनाचं नाव काढलं की ते पेपर बाजूला ठेवून उभेच राहायचे.

"हे सारं आपण सोडलं ना? मंग तू काऊन धरून बसली?"

"मी कुठी धरून बसली? मी फक्त सांगून राह्यली," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या.

शेवटी तोड मीच काढली. स्वेटरचे भाग सुटे विणायचे. पुढचा, मागचा, एक बाही. दुसरी बाही सुईवर अर्धीच ठेवायची आणि काहीच जोडायचं नाही. म्हणजे कपडा पुरा झाला असं कोणी म्हणणार नाही आणि काम अडलं असंही नाही. आत्याबाईंचा मान राहिला, मामाजींचं तत्त्व राहिलं, आणि माझ्या सुया चालू झाल्या.

आता प्रश्न मापाचा. जे लेकरू अजून आलंच नाही त्याचं माप कशावर घ्यायचं? समोरच्या घरात एक गुटगुटीत पोर होतं, चांगलं बसायला लागलेलं. त्याच्या छातीभोवती मी दोरा धरला. मग अंगणात उन्हाला बसून विणायला लागले आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई सल्ला देऊन जाऊ लागली. आत्याबाई म्हणाल्या, "दोन बोटं वाढतं धर." समोरची म्हणाली, "माहा पोरगा आत्ताच एवढा हाये, अजून दोन बोटं धर." पाण्याला चाललेली कोणी हंडा खाली ठेवून बघायची आणि म्हणायची, "बाही आखूड दिसून राह्यली, दोन बोटं घे." मीही शहाणी. सगळ्यांची सगळी बोटं घेत गेले. स्वेटर वाढत गेला आणि आम्ही सगळ्या खूश होत गेलो.

आमच्याकडे वाढत्या अंगाचं शिवायचं हा केवळ काटकसरीचा भाग नाही, तो आशीर्वादच आहे. माझा शाळेचा झगा गुडघ्याखाली आणि त्याच्या आत अजून वीतभर दुमड. नवऱ्याचा लग्नातला शर्टसुद्धा खांद्यावरून उतरणारा, कारण अंगी लागेल म्हणून. कोणालाच त्याच्या मापाचा कपडा मिळत नाही. आधी तो मोठा असतो, मग आखूड होतो. मापात बसण्याचे दिवस मधेच कधीतरी, बहुधा धुण्यात, निघून जातात. आहे तसा माणूस कुणी कापडात धरतच नाही, पुढचाच धरतात. त्यात वाईट काही आहे असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

आणि एका दुपारी, मी दुसऱ्या बाहीचे टाके मोजत असताना, कमलला कळा सुरू झाल्या. अजून दोन महिन्यांहून जास्त अवकाश होता. आत्याबाईंच्या हातातलं सूप तांदळासकट खाली पडलं. आम्ही तिला दवाखान्यात नेलं, आणि घाईत मी काय उचललं असेल तर ती विणकामाची टोपली. तिथं बाकावर बसून स्वेटरची पुढची-मागची बाजू जोडून टाकली. हातांना काहीतरी करायला हवं होतं.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कापसाचा पुंजका होता. मी त्यांच्या मागे पाहत राहिले, बाळ घेऊन अजून कोणी येतंय का म्हणून. खरंच सांगते, मी बाळ शोधत होते. मग सिस्टरनी कापूस बोटानं जरा बाजूला केला आणि आत एक चेहरा होता. म्हाताऱ्या माणसासारखा सुरकुतलेला, डोळे मिटलेला, आणि जिवंत. मुलगी होती. तिचं डोकं माझ्या तळहातात मावलं आणि पाय माझ्या कोपरापर्यंतही पोचले नाहीत. इतकं लहान माणूस असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

आत कमल खाटेवर पडून होती. तिनं पहिलं काय विचारलं असेल? "वहिनी, स्वेटर आणला का वो?"

मी आणला होता. बाळावर ठेवला. ठेवला म्हणजे काय, बाळ दिसेनासंच झालं. गळ्याच्या भोकातून अख्खं लेकरू खाली घसरलं असतं. त्या खाटेवर आम्हा सगळ्यांची दोन-दोन बोटं पसरून पडली होती, आणि त्यांच्याखाली ते बाळ कुडकुडतही नव्हतं, कारण कुडकुडायलाही अंगात काही लागतं. मला स्वतःच्या हातांची लाज वाटली, किळस वाटली. केवढ्या कौतुकानं विणलेली वस्तू, आणि तिचा उपयोग शून्य!

सिस्टर म्हणाल्या, "हे वरून पांघरूण म्हणून ठेवा. पण अंगाले लागून काहीतरी पाहिजे. ढिल्यात हवा शिरते. ह्या पोरीची ऊब गेली तं..." नागपूरला न्यायचं तर त्या थंडीत वाटच झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जे काही व्हायचं ते आमच्या हातांत होतं. ऊब टिकली तर पोर टिकणार होती, इतकी सरळ गोष्ट होती ती.

घरी आणल्यावर मधली खोली बंद करून शेगडी ठेवली. कमल बाळाला छातीशी घेऊन बसे. बोळ्यानं दूध पिणारं लेकरू मी तोवर म्हणीतच ऐकलं होतं, आता डोळ्यांनी पाहत होते. पण कापूस सारखा सरके. पाय उघडे पडत, आणि ते पाय हाताला लागले की अंगावर काटा येई. नळाच्या पाण्याइतके गार. मामाजी दारात उभे राहून हे बघत होते. त्यांनी डोक्यावरची माकडटोपी काढली, शेगडीवर धरून गरम केली आणि पुढे केली.

आम्ही बाळाला त्या टोपीत घातलं. पाय टोपीच्या शेंड्याकडे, आणि चेहरा बरोबर त्या तोंडाच्या भोकातून बाहेर. मामाजींचा चेहरा जिथून दिसायचा तिथून आता नातीचा दिसत होता. मला हसू फुटलं. आत्याबाईंनाही फुटलं. आणि दुसऱ्याच क्षणी आम्ही दोघी एकमेकींकडे बघून गार झालो, कारण आमच्या घरचं पोर टोपीत मावलं होतं. मामाजी तो सगळा हिवाळा कानाला दुपट्टा बांधून हिंडले.

पण टोपी एकच, आणि बाळ ते बाळच. ओली झाली की घालायचं काय? मी ठरवलं, हिच्या मापाचा स्वेटर विणायचा. दोन संध्याकाळचं काम. उरलेल्या लोकरीचे थोडे टाके सुईवर घातले आणि कमलच्या जवळच बसले.

"कोणासाठी विणून राह्यली, वहिनी?"

"तुह्या पोरीसाठी. अजून कोणासाठी?"

"एवढुसा?"

"तेवढीच हाये ना ते," मी म्हटलं. सहज म्हटलं.

कमलचा चेहरा असा बदलला की मी सुया खाली ठेवल्या. ती हळू आवाजात बोलली, बाळ जागं होऊ नये म्हणून, पण त्या आवाजाची मला आजही भीती वाटते. "उसव ते. त्या मापाचा कपडा माह्या घरात नको. सारे मले येऊन सांगतेत, किती लहान, किती लहान. आता तूही सुईवर तेच सांगून राह्यली. आणि एवढुसा कपडा करून ठेवाचा कोणासाठी? ते गेल्यावर पेटीत ठेवाले पाहिजे का तुले?"

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. आत्याबाई दाराशी होत्या, त्यांनी पदर तोंडात धरला. कमल शकुन मानणारी नव्हती, बापाच्या तालमीत वाढलेली होती. हे भीतीचं बोलणं होतं. तिला आपलं लेकरू मोठं होणार यावरचा विश्वास धरून ठेवायचा होता, आणि धरायला घरात वस्तू एकच होती, तो अवाढव्य पोपटी स्वेटर. मी टाके उसवले. लोकर पुन्हा गुंडीला गुंडाळली. रागही आला होता, खोटं कशाला सांगू. पोरीचे पाय गार पडताहेत आणि ही आईच कपडा करू देत नाही!

दुसऱ्या दिवशी दुपारी टोपी धुऊन दोरीवर टाकलेली, आणि आत बाळ रडत होतं. रडत होतं म्हणजे मांजराच्या पिलासारखा आवाज, तोही मधेमधे थांबणारा. मी टोपलीत काहीतरी मऊ शोधत होते. हाताला सुटी बाही लागली. विणून पूर्ण झालेली, पण न जोडलेली, सरळ पसरणारी. वर रुंद, खाली मनगटाशी निमुळती. मी तिच्याकडे बघतच राहिले. मग शेगडीवर गरम केली, आत गेले आणि कमलच्या मांडीवरच बाळाला तिच्यात गुंडाळलं. मनगटाची पट्टी गळ्याशी बसली, रुंद बाजूत पाय गेले, हात आतच राहिले. समोरून दोन नाड्या बांधल्या. बोटभरही ढिली नव्हती.

कमलनं माझा हात धरला. "हे काय?"

"स्वेटरच हाये. तुहाच. ढगळ, वाढत्या अंगाचा, तू सांगतला तसा. फक्त आत्ता तिले बाहीपुरतीच जागा लागून राह्यली. बाही उसनी देऊन राह्यली मी. मोठी झाली का वापस घेईन आणि स्वेटरले जोडीन."

तिनं बाहीची कड बोटांत धरून पाहिली. मग विचारलं, "खरंच वापस घेशीन?"

"घेईन नाई तं काय! फुकटची विणली का?"

"मंग राहू दे," ती म्हणाली, आणि नाड्यांच्या गाठी स्वतः पुन्हा बांधल्या.

तो हिवाळा आम्ही त्या बाहीत काढला. बाही ओली झाली की टोपी, टोपी ओली झाली की बाही. शेगडीजवळ कायम दोनपैकी एक वाळत असे आणि खोलीभर ओल्या लोकरीचा वास. स्वेटरचं धड समोरच्या खुंटीवर टांगलेलं होतं, बाह्यांशिवाय. कमल दूध पाजताना त्याच्याकडे बघत असे. दुसरी बाही सुईवर अर्धीच होती, तिला हात लावायचं धाडस मला होईना. गावात धान मळून झालं, नाटकवाल्यांचे लाउडस्पीकर वाजून गेले, माझ्या लक्षात काही राहिलं नाही. सकाळी उठलं की आधी खोलीतला आवाज ऐकायचा, मग चूल पेटवायची.

एकदा भर सकाळी बाळ हाताला गार लागलं. कमल किंचाळली. ओठांचा रंग गेलेला. आत्याबाईंनी बाळाला बाहीसकट उचललं, चोळीच्या आत छातीशी घातलं, वरून पदर आणि रजई ओढली आणि बाहेर उन्हात, तणसाच्या ढिगाला पाठ लावून बसल्या. त्यांचे ओठ हलत होते. मामाजी समोर उभे. बायको काय पुटपुटते आहे ते त्यांना ऐकू येत असणार, पण तत्त्वाचा माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. मी नुसती उभी होते. असं सुन्न उभं राहणं मी त्याआधी अनुभवलं नव्हतं. डोळे उघडे, कान उघडे, पण आत कुणी नाही. मग रजईतून उचकीचा आवाज आला. एक, मग दुसरी. आत्याबाईंनी डोकं मागे तणसावर टेकलं आणि म्हणाल्या, "आहे. आहे माय, आहे."

दिवस तापायला लागले. रेल्वेच्या रुळांकडेला पळस फुलला. मी विहिरीवर धुणं धूत होते आणि घरातून कमलची हाक आली, "वहिनी! वहिनी वो! लवकर ये!" मी साबणाच्या हातानं धावले. आत्याबाई चुलीपासून धावल्या, मामाजी पेपर टाकून आले. तिघंही दारात एकमेकांवर आदळलो. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहिणार नाही.

कमल दोन नाड्या दोन हातांत धरून बसली होती. बाळाच्या छातीवर त्या एकमेकींपर्यंत पोचत नव्हत्या. मधे पोट होतं, चांगलं गोल पोट, आणि पाय बाहीच्या बाहेर सायकल मारत होते.

"पुरून नाई राह्यली," कमल म्हणाली. "बाही पुरून नाई राह्यली, वहिनी!"

आणि आम्ही चौघंही एकदम रडायला लागलो. आनंदाचाही धक्का असतो आणि तो झेलायला अंगात बळ लागतं. आमच्यात ते उरलं नव्हतं. संध्याकाळी तिनं बाही धुऊन, वाळवून, घडी करून माझ्या हातात दिली. "घे तुही बाही. उसनी होती." त्याच दिवशी मी सुईवर अडकून पडलेली दुसरी बाही विणायला घेतली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर पहिली धुऊन धुऊन फिक्की झालेली, आटलेली. मी म्हटलं, नवीन विणून देते. कमल म्हणाली, "हेच लाव." मुलीचं नाव संघमित्रा ठेवलं, घरात सगळे मित्रा म्हणतात. तिनं तो स्वेटर घातला तेव्हा ती अंगणभर धावत होती, आणि तरीही तो तिला दोन बोटं ढगळच झाला.

आत्याबाई आणि मामाजी आता नाहीत. कमलनं मित्राला त्या हिवाळ्याबद्दल फारसं कधी सांगितलं नाही. लहानपणी जरा नाजूक होतीस, एवढंच. लहान हा शब्द तिला अजून खपत नाही.

यंदा थंडीच्या सुरुवातीला मित्रा आली. चंद्रपूरला नोकरी करते, उंचीनं माझ्यापेक्षा हातभर जास्त, आणि आता तिला दिवस गेलेले आहेत. पेटी उघडीच होती. लोकरीच्या गुंड्या माझ्या मांडीवर टाकत म्हणाली, "मामी, बाळासाठी तुम्हीच विणा. पण माप कसं धरायचं?" तेवढ्यात तिला तो स्वेटर दिसला. "ह्याची एक बाही अशी का?"

तिच्यासोबत आलेली कमल शेजारीच बसली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली. मग मी सांगितलं. मित्रानं फिक्क्या बाहीत हात घातला. मनगटाच्या पट्टीशी तिची मूठ अडली.

"एवढी? पूर्ण?"

"पूर्ण. हात आत, पाय आत."

ती हातातून बाही काढेचना. चेहरा उतरला होता. दुसरा हात पोटावर गेलेला. कमल काही बोलायला गेली, मी तिला डोळ्यांनी थांबवलं. बाहेर उन्हात रजया वाळत होत्या.

"मामी," मित्रा म्हणाली, "वाढत्या अंगाचाच करा. दोन बोटं जास्तच धरा."

"धरते."

"आणि मी बाळाला घेऊन घरी येईपर्यंत," ती म्हणाली, "बाह्या जोडू नका."